तांदळाच्या डब्यातली सुरी

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

"मी ३३ वर्षांची. भांडुपला आई आणि धाकट्या भावासोबत राहते. भावाला चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. गोळ्यांवर तो चांगला होता, कुरिअरच्या गोदामात नोकरीही करत होता. गोळ्यांनी सकाळी उठवत नाही, वजन वाढलं, अशी त्याची कुरकुर असायची. मे महिन्यात गावाला गेलो, तेव्हा गोळ्या मुंबईतच राहिल्या. तिकडे छान होता, म्हणून नंतरही आईने आग्रह धरला नाही. जुलैच्या शेवटी त्याने रात्री जागायला सुरुवात केली. समोरच्या काकांनी दारावर कॅमेरा लावलाय तो आपल्यासाठीच, असं म्हणायला लागला. मागच्या आठवड्यात त्याने तो कॅमेरा काठीने फोडला. काका बाहेर आले, त्यांना ढकललं, त्यांचं कोपर खरचटलं. मग जिन्यात बसून म्हणाला, 'आता दिसणार नाही तुम्हाला.' काकांनी पोलिसांत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार) केली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, तो खुनी रमण राघवसुद्धा असाच होता, याला ठाण्याला टाका नाहीतर खोली सोडा. माझा भाऊ गुन्हेगार होणार का? पोलिसांना आजाराचं सांगू की लपवू? त्याला उचलून नेतील का? कोर्टात गेलं तर आजारी म्हणून सुटेल का? हल्ली मी रात्री सुरी तांदळाच्या डब्यात लपवते आणि मग मलाच रडू येतं. कधीमधी तो मित्रांबरोबर पितो, हेही सांगून ठेवते."
— एक बहीण, भांडुप

ताई,

तुम्ही चार प्रश्न विचारलेत. पाचवा प्रश्न म्हणून लिहिलाच नाहीत, ओघात सांगून टाकलात. मी तिथूनच सुरू करते, त्या डब्यापासून.

सुरी लपवली म्हणून तुम्ही भावाशी दगाफटका केलेला नाही. चार रात्री न झोपलेला, संशयाने पछाडलेला माणूस घरात असेल तर धारदार वस्तू हाताशी नसलेल्या बऱ्या. आणि त्या फक्त दुसऱ्याच्या भीतीने नव्हे. या आजाराच्या सुमारे ५ टक्के माणसांचा शेवट आत्महत्येने होतो. सेक्रेटरींना भाऊ इतरांचं काय करेल याची काळजी आहे. तुम्ही मात्र तो स्वतःचं काय करेल हेही बघायचं आहे.

पण लपवण्याची एक दुसरी बाजू मला एका मुलाने शिकवली. मी एका महापालिका रुग्णालयाच्या मनोविकार विभागात २६ वर्षं सोशल वर्कर होते, तेव्हाची गोष्ट. त्याची आई अशाच सुऱ्या लपवायची, कपाटात साड्यांच्या खाली. बरा झाल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, मी पाहिलं होतं. मला वाटलं, आई सुऱ्या जमवतेय. माझ्यासाठी." आईने घाबरून केलेली गोष्ट त्याच्या आजाराने पुरावा म्हणून वापरली. तेव्हापासून मी घरच्यांना सांगत आले: आज रात्रीपुरतं लपवायचं तर लपवा, पण पोरगं ताळ्यावर आलं की त्याला बसवून हे बोला. कसं, ते शेवटी सांगते.

आता तुमचा पहिला प्रश्न. नोकरीला नवीन होते तेव्हा मी प्रत्येक कुटुंबाला छातीठोकपणे सांगायचे, "मानसिक आजाराची माणसं कधी कुणाला इजा करत नाहीत, हा सगळा गैरसमज आहे." बदनामी पुसायची घाई होती. मग एक आई मनगटाला बँडेज बांधून परत आली. ती काही बोलली नाही, फक्त केस पेपर पुढे सरकवला. त्या दिवसापासून ते वाक्य मी बंद केलं.

खरी परिस्थिती अशी आहे. समाजातली बहुतेक मारामारी, खून, लूटमार ज्यांना कुठलाही गंभीर मानसिक आजार नाही अशी माणसं करतात. तुमच्या पोलीस ठाण्याच्या डायरीची पानं उलटली तर पैसा, जमीन, दारू, बायकोवरचा हक्क आणि खुन्नस हेच सापडेल. स्किझोफ्रेनियाच्या माणसांपैकी फार थोडी कुणावर हात उचलतात. तरीही सरासरीपेक्षा हा धोका थोडा जास्त आहे, आणि तो नाकारून तुमचं भलं होणार नाही. हा जास्तीचा धोका येतो कुठून, हे बघितलं की चित्र बदलतं. अमेरिकेत मॅकआर्थर फाउंडेशनच्या मदतीने एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांची पिट्सबर्ग शहरात त्यांच्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांशी तुलना केली गेली. ज्यांना दारू किंवा अमली पदार्थांचा नाद नव्हता, त्या रुग्णांत आणि तसा नाद नसलेल्या शेजाऱ्यांत हिंसेच्या बाबतीत फरक आढळला नाही. नाद असला की दोन्हीकडे हिंसा वाढत होती. २००९ मध्ये मनोविकारतज्ज्ञ सीना फझेल आणि सहकाऱ्यांनी २० अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांनाही जास्तीच्या धोक्याचा मोठा भाग व्यसनाच्या खात्यात दिसला.

म्हणून पत्राच्या शेवटी "हेही सांगून ठेवते" म्हणून जे लिहिलंत, ते मी सगळ्यात वर घेते. शनिवारची बिअर आधी बंद. गांजा असेल, आणि अशा टोळक्यात बहुतेक वेळा असतोच, तर तो तर आजाराच्या आगीत तेल. मित्रांना घरी बोलवा, चहा पाजा आणि सरळ सांगा. पोरं वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरा धोका बिनऔषधाच्या दिवसांचा, आणि तुमच्या पत्रातली मे ते जुलैची हकिगत अगदी नेहमीची आहे. गोळी थांबली म्हणून दुसऱ्या दिवशी काही होत नाही. उलट सुरुवातीला माणूस ताजा दिसतो, सुस्ती जाते, हसतो-बोलतो. गावाला आंबे-फणस, नदीत पोहणं, सगळं छान. घरच्यांना वाटतं, बघा, गोळ्यांशिवायच बरा आहे. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, झोप उडते. तोवर गोळ्या सुटल्याचं सगळे विसरलेले असतात आणि खापर कॅमेऱ्यावर, काकांवर, नाहीतर अमावास्येवर फुटतं. आईंना दोष देऊ नका. शिकलेली घरंसुद्धा इथेच फसतात.

आणि भावालाही दोष देऊ नका. त्याने गोळ्या सोडल्या कारण त्याला सकाळची लोकल पकडता येत नव्हती आणि पँट कमरेला बसत नव्हती. ही खरी कारणं आहेत. डॉक्टरांना हेच शब्द सांगा. गोळी बदलता येते, रात्री लवकर देता येते, मात्रा हलवता येते. दोन किंवा चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, म्हणजे रोज "गोळी घेतलीस का" हा वाद घरातून जातो. "तो गोळ्या घेत नाही" एवढंच सांगितलंत, तर डॉक्टर गोळी वाढवतील आणि तो पुन्हा सोडेल.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट. कॅमेरा खरा आहे. तो तुमच्या दाराकडे तोंड करून आहे हेही खरं असणार, मुंबईतल्या चार फुटी पॅसेजमध्ये दुसरीकडे कुठे करणार? त्यामुळे "असं काही नाही रे" म्हणून त्याला खोटं पाडू नका. "कॅमेरा आहे, पण तो तुझ्यासाठी लावलाय असं मला वाटत नाही. तुला मात्र त्याचा त्रास होतोय, ते मला दिसतंय," इतकंच म्हणा. वाद घालू नका, दार अडवून उभ्या राहू नका, आवाज चढवू नका. आणि एक प्रश्न सरळ विचारा: "आवाज येतात का? काही करायला सांगतात का?" विचारल्याने डोक्यात नवीन काही शिरत नाही. उत्तर "हो" आलं, किंवा त्याने कुणाचं नाव घेऊन "त्याच्याआधी मीच..." अशी भाषा केली, घरचं अन्न विषारी म्हणून नाकारलं, तर ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. सायन, केईएम, नायर या तिन्ही महापालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे. रात्रीबेरात्री काय करावं सुचेना, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

आता सेक्रेटरी आणि रमण राघव. गृहस्थ साठीपुढचे असणार, कारण त्या वयाच्या मुंबईकराच्या मनात ते नाव अजून ताजं असतं. साठच्या दशकात फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांना रात्री ठेचून मारलं जात होतं. ऑगस्ट १९६८ मध्ये हे खून करणारा रमण राघव पकडला गेला, तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींचा. १९६९ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. मग उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासलं. जुना, संशयाने भरलेला स्किझोफ्रेनिया, असं निदान झालं. पुढे १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. हे सगळं खरं आहे. पण या शहरात तेव्हाही आणि आजही हा आजार असलेली हजारो माणसं राहतात, भाजी आणतात, रांगेत उभी राहतात. त्यांची नावं सेक्रेटरींना माहीत नाहीत, कारण त्यांनी काहीच केलेलं नाही. रमण राघव रस्त्यावर राहायचा. त्याला रात्री गोळी हातात देणारं कुणी नव्हतं. हे सेक्रेटरींना ऐकवायला हरकत नाही, फक्त भांडणाच्या सुरात नको. आणि त्यांना एक विचारा: स्टेशनबाहेर स्वतःशी बोलत फिरणाऱ्या माणसाला पोरं दगड मारतात, त्याची एनसी कधी कुणी केली का? गंभीर मानसिक आजाराची माणसं मारण्यापेक्षा मार खाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

खोली सोडण्याचं म्हणाल तर, आजार आहे म्हणून सोसायटी कुणाला घराबाहेर काढू शकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समाजात, आपल्या माणसांत राहण्याचा हक्क दिलाय. हे शांतपणे, पत्र लिहून सांगा आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या.

"ठाण्याला टाका" ही मुंबईची जुनी म्हण. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, पिढ्यान्‌पिढ्या त्या गावाचं नाव शिवीसारखं वापरलं गेलं. आता तिथे "टाकता" येत नाही. रुग्ण स्वतःहून तयार नसेल आणि आजार तेवढा तीव्र असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे तुमच्यासारख्या जवळच्या माणसाच्या अर्जावर दाखल करता येतं. एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. डॉक्टरांनी दाखल करा म्हटलं, तर घाबरू नका. तीन आठवड्यांची भरती आणि आयुष्यभराची रवानगी यांत फरक आहे.

पोलिसांना सांगा. लपवू नका. आजाराची माहिती नसेल तर त्यांच्या लेखी तो म्हाताऱ्या माणसाला ढकलणारा २८ वर्षांचा गुंड आहे आणि पुढच्या वेळी चॅप्टर केसला (शांतता राखण्याची हमी लिहून घ्यायला) बोलावतील, तेव्हा तो काय बोलेल याचा नेम नाही. केस पेपरची झेरॉक्स आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज द्या, शिक्का मारून घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०० असं की आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरणारी व्यक्ती पोलिसांनी या कलमाखाली ताब्यात घेतली, तर तिला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेऊन तपासणी करून घ्यायची असते. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. गुन्हा नोंदवून अटक झाली तर गोष्ट वेगळी, तिथे वकील लागेल. तो परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्यांचा क्रमांक १५१००.

"आजारी म्हणून सुटेल का" याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. निदानाचा कागद दाखवला की माणूस सुटतो, असं नाही. जुन्या दंडसंहितेचं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२, एवढंच विचारतं: ती गोष्ट करताना, त्या घटकेला, आपण काय करतोय किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे कळण्याची कुवत आजारामुळे गेली होती का? वैद्यकीय वेड वेगळं आणि कायद्याच्या नजरेतलं वेड वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. कोर्ट बघतं ते आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं. या कसोटीचं मूळ १८४३ च्या लंडनमधल्या एका खटल्यात आहे. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाला वाटायचं की सत्ताधारी पक्षाचे लोक आपला पाठलाग करतायत. त्याने पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घातली. तो निर्दोष ठरला, पण घरी गेला नाही. उरलेली २२ वर्षं वेड्यांच्या इस्पितळांत काढून तिथेच मेला. आपल्याकडेही निर्दोष ठरलेल्याला कोर्ट सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेश देऊ शकतं.

तुमच्या भावाचं प्रकरण एका कॅमेऱ्याचं आणि एका कोपराचं आहे, तिथवर जाऊ नये आणि बहुधा जाणारही नाही. तरी चार वर्षांचे सगळे केस पेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आम्ही ओपीडीत बसून घरच्यांना ज्या तारखा विचारतो (गोळी कधी सुटली, झोप कधी गेली, पहिल्यांदा काय बोलला), वकीलही त्याच विचारेल. आजाराचं नाव चार वर्षं तेच आहे. मार्चमध्ये ते असताना तो गोदामात पार्सलं लावत होता. बदलला तो जुलैचा शेवटचा आठवडा. तुम्ही, आई, सेक्रेटरी, सगळ्यांनी लक्ष ठेवायचं ते अशा आठवड्यांवर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीची खूण आणि झोपेचे तास रोज लिहा. दोन रात्री चार तासांच्या खाली झोप गेली की डॉक्टरांना फोन. मी घालून दिलेली ही रेघ आहे, पुस्तकातली नाही, पण तिने बऱ्याच घरांना वेळेवर जागं केलंय.

आणि काकांकडे जाऊन या. आजार म्हणून घडलं हे खरं, पण कोपर त्यांचंच खरचटलंय. कॅमेऱ्याचे पैसे आणि डॉक्टरांचं बिल स्वतःहून द्या. गयावया करू नका, "त्याच्या गोळ्या सुटल्या होत्या, आता सुरू केल्यात" एवढं सांगा. जमलं तर कॅमेऱ्याचं तोंड जिन्याकडे वळवायची विनंती करा. एनसी मागे घ्या म्हणू नका, त्यांचा तो हक्क आहे. माझा अनुभव असा की पैसे आधी आले तर माणसं मागणीशिवायच नरम होतात. भाऊ बरा झाला, महिना-दीड महिना जाऊ दे, की तोही जाऊ दे त्यांच्या दारात. त्याला जायचं असतं. आपणच "नको, विषय वाढवू नकोस" म्हणून अडवतो आणि मग तो जिन्यातून मान खाली घालून चालत राहतो.

त्या सुरीचं राहिलं. वर सांगितलेल्या मुलाने पुढच्या भेटीत आईसमोर स्वतःच ठरवून टाकलं: "ज्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागा असेन, त्या रात्री सुऱ्या शेजारच्या मावशीकडे दे. मला सांगून दे. आणि मला त्याच रुग्णालयात ने, बुवाबाबाकडे नको." आम्ही ते केस पेपरच्या मागे लिहिलं, त्याने सही केली. तेव्हा त्या कागदाला काही किंमत नव्हती. २०१७ च्या कायद्याने ती दिली आहे. बरं असताना माणूस आपल्या उपचारांबद्दल आगाऊ लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने कोण बोलणार तेही नेमू शकतो. तुमच्या भावाशी हे आत्ता बोलू नका, आत्ता त्याला तो कट वाटेल. गोळ्या लागू पडून तो पुन्हा क्रिकेटच्या स्कोअरवरून तुमच्याशी भांडायला लागला, की त्या रविवारी कागद काढा. सुरी कुठे ठेवायची, ते त्यालाच विचारा.